मंद गॅसवर चक्का

बाई, आज सकाळी गॅलरीतल्या सब्जाच्या कुंडीला पाणी घालता घालता तुमचा एकदम राग आला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा चेहरा आठवायला मला आता क्षणभर थांबावं लागतं, पण राग मात्र कालच दळून आणल्यासारखा ताजा आहे. आणि राग कशाचा, तर मॅकरोनीचा. लिंबाची, सब्जाच्या पानांची, चक्का घातलेली तुमची ती मॅकरोनी. ऐकणारा हसेलच. म्हणून मी आजवर कुणाला सांगितलं नाही, आणि आता तुम्हालाच सांगायला बसले आहे.

मुलुंडच्या तुमच्या दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये बुधवारी आणि शनिवारी दुपारी तुमच्या स्वयंपाकाच्या क्लासला पंधरा-वीस बायका वह्या घेऊन बसायच्या. घरोघरी नुकते रंगीत टीव्ही यायला लागले होते, आणि ते बघायला येणाऱ्या पाहुण्यांपुढे प्रत्येकीला पोह्यांपेक्षा काहीतरी वेगळं ठेवायचं होतं. मी घाटकोपरच्या चाळीतली, वडील गिरणी बंद पडल्यापासून घरी बसलेले, आणि स्वयंपाक म्हणजे माझ्या लेखी बांगड्याचं कालवण आणि भात. तुम्ही मला हाताखाली घेतलंत. "हिला मी घडवणार आहे," असं तुम्ही बायकांना सांगायचात, आणि मी मान खाली घालून लिंबाची साल किसत राहायचे. तेव्हा मला किती बरं वाटायचं ते तुम्हाला कधी कळलं का, कोण जाणे.

मनोरीच्या कॉटेजमध्ये उतरलेल्या एका परदेशी बाईकडून ती मॅकरोनी शिकल्याचं तुम्ही सांगायचात. ती त्यात घालायची ते मऊ चीज आपल्याकडे कुठलं मिळायला! तुम्ही आदल्या दिवशी दही पंच्यात टांगून चक्का करायचात आणि त्यात साय घोटायचात. लिंबाची फक्त वरची साल किसायची, पांढऱ्याला किसणी लावायची नाही. "पांढरं आलं की कडू झालं, मग नवऱ्याच्या तोंडाला दोष देऊ नका," असं म्हणायचात. सब्जा तर बायकांना फुलवालीकडच्या गजऱ्यातला ठाऊक. तो तुम्ही हाताने तोडून मॅकरोनीवर टाकलात तेव्हा सगळ्यांनी नाकं मुरडली होती, आणि पाच मिनिटांनी पातेलं चमच्यांनी खरवडून खाल्लं होतं. त्या एका पदार्थासाठी ठाण्याहून बायका यायच्या.

आता क्लासवाली म्हटली की ती हातचं राखूनच शिकवते, हे सगळ्यांना माहीत असतं. तुम्हीही मला हसत सांगितलं होतंत, "सगळंच ओतून दिलं तर उद्या माझं दार कोण वाजवेल गं?" मलाही ते पटलं होतं. चक्का घालायची वेळ आली की तुम्ही मला डोळ्यांनी खुणावायचात, आणि मी म्हणायचे, "चला ताई, सब्जा दाखवते." सगळ्यांना गॅलरीत न्यायचं, पान चुरगाळून वास घ्यायला लावायचा, काडी कशी खोचायची ते सांगायचं. परत येईपर्यंत मॅकरोनी तयार. तीन वर्षं मी हे इमानेइतबारे केलं. बायकांना कसं गंडवलं, म्हणून मनातल्या मनात हसायचेसुद्धा. मी तुमच्या बाजूची आहे असं मला वाटायचं. त्या तीन वर्षांत ओट्याकडे माझीही पाठच होती, हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही.

मग बोरिवलीच्या एका महिला मंडळाचं बोलावणं आलं. "माझे गुडघे धरतात, तू जा," तुम्ही म्हणालात. "जमलं तर तिथला क्लास तुझा." आणि मला एक वही दिलीत. खाकी कव्हर, पहिल्या पानावर कुंकवाचं बोट, आत तुमच्या अक्षरात सगळे पदार्थ. "बायकांना सांगते ती ही नव्हे हं. ही तुझी वही." मी तुमच्या पाया पडले. आईने ती वही रात्रभर देवापुढे ठेवली होती.

बोरिवलीच्या त्या हॉलमध्ये चाळीस बायका आहेत. मी कडक इस्त्रीची साडी नेसले आहे, स्टोव्ह नको म्हणून मंडळाने मुद्दाम गॅस आणला आहे. वहीत लिहिलंय, मंद गॅसवर चक्का घालावा, लिंबाचा रस पिळावा आणि दोन मिनिटं ढवळावं. मी घालते, पिळते, ढवळते. आणि चाळीस बायकांसमोर चक्का फुटतो. पाणी वेगळं, गोळे वेगळे. पुढच्या रांगेतली एक जण म्हणते, "अगं बाई, ही मॅकरोनी की नासलेल्या दुधाची उसळ?" हॉल हसायला लागतो. मीही हसते, कारण दुसरं काय करणार. मंडळाच्या अध्यक्षीणबाई चांगल्या होत्या, त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "होतं असं. पण पुढच्या वेळी तुझ्या बाईंनाच पाठव ना."

मी तडक तुमच्याकडे आले. तुम्ही तांदूळ निवडत होतात.

"वहीत लिहिलंय तसंच केलंस?"

"अगदी तस्संच, बाई."

"मग हात कमी पडला गं तुझा. हात काही वहीत लिहून देता येत नाही."

तुम्ही ताटातून मान वर केली नाहीत. आणि मी तुमच्यावर विश्वास ठेवला. आपल्या हाताला चवच नाही असं मी स्वतःला बजावलं, तुमचा क्लास सोडला आणि अंधेरीच्या एका कारखान्यात औषधांच्या बाटल्यांना लेबलं चिकटवायला लागले. तिथे हाताची चव लागत नव्हती.

लग्नानंतरच्या एका रविवारी नवऱ्याने हट्ट धरला, "ती तुझी फेमस मॅकरोनी कर ना यार." केली. चक्का घालणार तेवढ्यात सिलिंडर संपला. मॅकरोनी चिकटायला लागली, म्हणून तिचंच उकळलेलं पाणी, जे अजून फेकायचं राहिलं होतं, ते डावभर घातलं. मग म्हटलं आता काय वाट लागायचीच आहे, आणि चक्का घातला, रस पिळला. बाई, तो फुटला नाही. सगळं लोण्यासारखं एकजीव झालं, हुबेहूब तुमच्यासारखं. मी तशीच उभी राहिले. आणि मला गॅलरीत दर वेळी मागून ऐकू येणारा तो आवाज आठवला, गॅसचं बटण बंद केल्याचा, टक्. बायकांना पानाचा वास देता देता मी तो तीन वर्षं ऐकला होता. मी वही काढून पाहिली, 'मंद गॅसवर चक्का घालावा.' तुम्ही ती गोष्ट गाळली असतीत तर मी समजून घेतलं असतं, ती तर रीतच होती. तुम्ही गाळली नव्हतीत, उलटी लिहिली होतीत. कुंकवाचं बोट लावून. "झकास!" म्हणत नवरा खात होता आणि मी रडत होते. तो म्हणाला, "अगं, उद्या नंबर लावतो सिलिंडरचा, रडतेस काय?"

मी तुम्हाला जाब विचारायला आले नाही. पुढच्याच वर्षी तुमच्या भाचीचा निरोप आला, म्हणून आले. क्लास कधीच बंद झाला होता, तुम्ही पलंगावर मूठभरच उरला होतात. "अन्नावर वासनाच नाही," तुम्ही म्हणालात, "तुझ्या हातची मॅकरोनी खाईन." तुझ्या हातची, म्हणालात! चक्का तुम्ही भाचीकडून आधीच करून घेतला होता. मी आत गेले, त्याच ओट्यापाशी, आणि वहीत लिहिलं होतं तशी मॅकरोनी करून बाहेर आणली. तुम्ही त्या गोळ्यांकडे बघितलंत, मग माझ्याकडे. आता बोलाल, असं मला वाटलं. तुम्ही सगळी बशी संपवलीत, हळूहळू, बोट लावून पुसून घेतलीत.

"वहीत लिहिलंय तसंच केलंस."

"हो, बाई."

"चांगली झालीय."

तीन आठवड्यांनी तुम्ही गेलात. तुम्ही मला फसवलंत हे मी आजही मागे घेत नाही. तुमच्या एका ओळीपायी मी माझ्या हातांवर रुसून बसले, आणि ते तुम्ही बसू दिलंत. हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकायचं, म्हणून वहीत त्याच पानात घालून ठेवीन. एवढंच सांगायचं राहिलं आहे की त्या दिवशी मी गॅस बंद केला होता. मॅकरोनीच्या पाण्याची वाटीही बाजूला काढून ठेवली होती. तेवढ्यात तुम्ही पलंगावरून हाक मारलीत, "झालं का गं?" तेव्हा मी ते पाणी मोरीत ओतलं, आणि गॅस पुन्हा पेटवला.