घाण धुवायची नाही

१९ जानेवारी
नात फियोरेला गेली. ब्रिस्बेनला, शिकायला. मागे ठेवून काय गेली — काचेची पेटी आणि सात मासे! माझ्या स्वयंपाकघरात! मी म्हटलं, आपल्या इंगम गावाला नदी काय कमी आहे मासे बघायला? तर आजीला म्हणे, "नोना, ईस्टरला येते आणि घेऊन जाते. तोवर जगव."
मेले तर?
"मग कशाला येऊ!"
हसत म्हणाली. पण म्हणाली.

२६ जानेवारी
पाणी बदललं. दोन बादल्या जुनं काढलं, दोन बादल्या पावसाच्या टाकीतलं घातलं. इथवर ठीक. पण त्या फिल्टरमधला स्पंज! काळा, बुळबुळीत, बघवत नाही. तो म्हणे नळाखाली धरायचा नाही. काढलेल्या जुन्या पाण्यातच हलका पिळायचा आणि परत ठेवायचा. घाणीतच घाण धुवायची! पोरगी फोनवर ओरडत होती — "नोना, त्या घाणीतच चांगले जिवाणू राहतात. माशांची घाण तेच पचवतात. नळाचं क्लोरीन लागलं की खलास!"
चौथीत शाळा सुटली माझी. जिवाणू काही पाहिले नाहीत. पण पावाचं आंबवण रोज पीठ खातं, ते तरी कुठे डोळे मिचकावतं? पिळला. ठेवला.

३ फेब्रुवारी
मासे माणसांपेक्षा बरे. गुडघा कसा आहे म्हणून विचारत नाहीत.

९ फेब्रुवारी
पाऊस थांबत नाही. नदी चढतेय.

११ फेब्रुवारी
पाणी घराखाली आलं. आपलं घर खांबांवर, म्हणून वर कोरडं. नणंद ओर्सोला कुत्र्यासकट माझ्याकडे आली आहे, तिचं घर बुटकं. वीज गेली. फिल्टर बंद. स्पंज काढून पेटीतच सोडलाय आणि वाटीने पाणी वरून ओतत बसते. त्या जिवाणूंनाही हवा लागते म्हणे.
ओर्सोला म्हणाली, "माझ्या भावाला कधी एवढं जपलं नाहीस."
म्हटलं, तो आपला आपण श्वास घेत होता.

१३ फेब्रुवारी
पाणी ओसरलं, वीज आली. लगेच सगळा गाव पाण्याच्या नळ्या घेऊन अंगणात. चिखल ओला आहे तोवरच धुवायचा, वाळला की दगड होतो. मी खाली लागले, ओर्सोलाला वर ठेवलं. संध्याकाळी जिना चढले तर घरभर ब्लीचचा वास, आणि ही ओट्यापाशी, तोंडभर हसू.
"तुझ्या माशांचा तो बोळासुद्धा धुतला! शी! ब्लीचमध्ये घातला, मग नळाखाली खळखळून. बघ तरी, मुळात पिवळा आहे गं!"
पिवळा होता. मला कुठे ठाऊक?
ओरडावंसं वाटलं, पण कुणावर ओरडू? पूर उतरला की या गावातल्या बाईच्या हातून काही सुटत नाही. तिच्या घरी मी असते तर कुत्राही धुतला असता.

१६ फेब्रुवारी
पेटीतलं पाणी दुधासारखं झालंय. मासे वर येऊन तोंडं उघडतात. एक गेला. आंब्याखाली पुरला. फियोरेलाने विचारलं, "मासे कसे आहेत?" म्हटलं, तोंड उघडं असतं सारखं. तिला वाटलं, खातात.

१७ फेब्रुवारी
दुइलिओकडे जावं लागलं. गावात दुसरी पेटी त्याचीच. बोचे, म्हणजे आमचा गोळे टाकायचा खेळ, खेळताना खुणेच्या गोळीजवळ कुणाचा गोळा पडला यावरून तो आणि माझा आतिलिओ भांडले, तेव्हापासून बोलणं बंद. आतिलिओ गेला तरी मी ते चालू ठेवलं. नवऱ्याने दुसरी कसली इस्टेट ठेवली होती?
दारातच म्हटलं, "तुझ्याकडची घाण हवी."
"बाई, शिव्या द्यायला आलीस की मागायला?"
"फिल्टरची घाण. माझी धुतली गेली."
"धुतली? कुणी?"
"ओर्सोलाने. ब्लीचने."
त्याने छातीवर क्रूस काढला. खरंच!
मग आपला काळा स्पंज मधोमध कापला, अर्धा त्याच्याच पेटीतल्या पाण्यात घालून बादली घेऊन माझ्यामागे आला. माझा पिवळा कचऱ्यात टाकला. "रोज थोडं थोडं पाणी बदल. टाकीतलंच. खायला जरासंच घाल. आणि त्या बाईला कुलूप लाव."
जिन्यावर थांबून म्हणाला, "तो गोळा आतिलिओचाच जवळ होता."
म्हटलं, "माहीत आहे."

२५ फेब्रुवारी
सहाच्या सहा आहेत. पाणी निवळलं. स्पंज छान घाण झालाय. हे हातून लिहिलं जावं!

१० मार्च
फियोरेलाचा फोन. ईस्टरला येत नाही. तिथेच नवी पेटी घेतली, नवे मासे. "ते तूच ठेव नोना, तुला लळा लागलाय त्यांचा." म्हटलं, बरं.
पाव करपला.

१४ मार्च
पोरगी फोनवर रडत होती. पाणी पांढरं झालंय, दोन मासे गेले, बाकीचे वर येऊन तोंड उघडतात.
विचारलं, स्पंज कसा आहे?
"नवा कोरा आहे, नोना. अगदी स्वच्छ!"
एवढं शिकवलंन मला, आणि स्वतः घाई केलीन.

१५ मार्च
आमचा स्पंज मधोमध कापला. ओलाच बरणीत ठेवलाय, तळाला दोन बोटं पेटीतलं पाणी, झाकणाला भोकं. ब्रिस्बेनच्या गाडीवर दुइलिओ सोडणार आहे. टाउन्सविलच्या पुढे मी जन्मात गेले नाही. फियोरेला म्हणाली, "नोना, या वयात तू कुठे येतेस एवढ्या लांब?"
म्हटलं, मी नाही गं, घाण येतेय. मी आपली बरणी धरायला.