हिरव्या फडक्यातला डबा

३ जानेवारी

तिसरी आवृत्ती! प्रकाशक रुद्रप्पांचा सकाळीच फोन. माझ्या आधीच्या दोन पुस्तकांचे गठ्ठे त्यांच्या गोदामात अजून सुतळीसकट पडून आहेत. त्यांत कुणी कुणावर प्रेम करत नाही. आता ही हलकीफुलकी कादंबरी — गावातली मुलगी, शहरात राहणारा मुलगा, दोघांमध्ये एसटीने जाणारा डबा — आणि लोक वाचताहेत.

रुद्रप्पांनी वाचकांचा व्हॉट्सॲप ग्रुप काढलाय. मलाही घातलं. "मॅडम, तुम्ही काही बोलायचं नाही. नुसतं असायचं."

५ जानेवारी

अभिप्राय.

बार्शीच्या एक बाई: "वाचता वाचता भाकरी करपली. नवऱ्याने गुमान खाल्ली, त्याला पुढचं ऐकायचं होतं."

एक शिक्षक: "नायक फारच गरीब. कुणाच्या तरी कानफटात एक द्यायची!"

नाव न दिलेलं कुणी: "मुलीचा बाप इतक्या लवकर हसत हो म्हणाला, ते पटलं नाही. आमच्याकडे असं होत नाही."

हा शेवटचा पुन्हा वाचला. बरोबर आहे. तो बाप मी सोपा केला.

कॉलेजात आमचे विभागप्रमुख — "खपतंय म्हणे!" कुणी दवाखान्यात असल्यासारखा चेहरा.

६ जानेवारी

तास संपला की ग्रुप बघते. लाज वाटते. बघते.

८ जानेवारी

मंगळवेढ्याहून पूनमचा फोन. माझी मामेबहीण. पुस्तकातली मुलगी तीच — हे तिला, यशपालला आणि मलाच माहीत.

तिचा भाऊ बिभीषण सोलापुरात शिकायला होता. सकाळच्या गाडीने ती त्याचा डबा पाठवायची. स्टँडवरून तो आणायचा त्याच्या खोलीवरचा दोस्त, यशपाल. पूनम स्वतः सोलापूरला येणार असली की डबा हिरव्या फडक्यात. एरवी पांढऱ्या. बिभीषण जेवायचा आणि झोपायचा.

यशपाल बौद्ध आहे. मामाच्या घरात ही गोष्ट काढायची सोय नाही.

लिहू का, असं मी विचारलं होतं. "लिही की अक्का. फकस्त मी वळखू येऊ नको."

आज म्हणाली, "तुज्या पुस्तकातलं अण्णा लई हसत्यात गं. आमचं अण्णा कदी हसल्यालं बगितलंस?" मग आवाज खाली — "संक्रांत झाली की बघायला येणारेत. सांगोल्याचं स्थळ हाय."

११ जानेवारी

ग्रुपवर नवे गृहस्थ. महादेवप्पा, अक्कलकोटचे, निवृत्त कंडक्टर. बोलून पाठवलेला निरोप —

"बाईसाब, लई झ्याक लिवलंय. सुनेनं वाचून दावलं. ते हिरवं फडकं मला ठावं हाय की! मंगळवेढ्याची सकाळची गाडी माजीच. येक पोरगी डबा द्यायची, 'मामा, सरळ धरा, कालवण सांडंल' म्हणायची. मेंढरंवाल्या जोतिरामची पोरगी व्हय ती? लई गुणाची. लगीन झालं का तिचं?"

खाली लाल बदामांची रांग.

जोतिराम म्हणजे माझा मामा.

नावं बदलली होती मी. गाव बदललं, गावाला नदी दिली, मुलीला चष्मा. फडकं हिरवंच ठेवलं. दुसरा रंग लिहून पाहिला होता — वाक्य पडत होतं. वाक्यासाठी ठेवलं!

रुद्रप्पांना फोन. काढा ते. "का हो मॅडम? इतका सच्चा अभिप्राय! मी तर पंढरपूर-मंगळवेढ्याच्या ग्रुपांवर पुढं पाठवला. जाहिरात!"

महादेवप्पांनाही फोन केला. म्हातारा गडबडला. "काय चुकलं का माजं, अव्वा?"

तुमचं नाही, म्हणाले.

१२ जानेवारी

बिभीषणचा फोन. "अक्के, गावात जो तो मला 'काय रं, डबा आला का' म्हणून इचारायलाय. ती पूनी हाय का?"

"कादंबरी आहे ती."

"मी कादंबरीचं न्हाय इचारलं."

मग म्हणाला, "अण्णांनी पुस्तक मागिवलंय. मला वाचाय बसवलंय म्होरं. पयल्या पानापासनं."

१३ जानेवारी

पूनमचा फोन बंद.

यशपाल कॉलेजच्या फाटकाशी उभा होता. इस्त्रीचा शर्ट, ऑफिसातून तसाच आलेला. "ताई, तिचा मोबाइल काढून घेतलाय. शेजारच्या बाईच्या फोनवरून एकदाच बोलली." काय बोलली, ते सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. मी माफी मागायला लागले तर म्हणाला, "पुस्तक चांगलं आहे."

चिडला असता तर बरं झालं असतं.

संध्याकाळी रुद्रप्पा — चौथी आवृत्ती छापायला घेतो. नको म्हणाले. त्यांना मी विनय करतेय असं वाटलं.

१४ जानेवारी

संक्रांत. ग्रुपभर तिळगूळ. त्यातच एक वाचक — "शेवटी सगळं गोड झालं, पण पुढे काय? दुसरा भाग काढा!"

दुपारी बिभीषण. धाप लागलेली. "पूनी बायांबरोबर देवळात ओवसायला गेली. समद्या आल्या. ती न्हाय. तुज्याकडं हाय का?"

नाही, म्हणाले. तेव्हा ते खरं होतं.

"अण्णा नुसतं पुस्तक मांडीवर घिऊन बसल्यात."

१५ जानेवारी

मामाचा फोन. आवाज चढलेला नव्हता.

"महानंदा, आख्खं ऐकलं बग तुजं पुस्तक. शेवटाला ती दोगं जात्यात कुटं?"

"मामा, पुस्तक तिथवर जात नाही."

माझ्या स्वयंपाकघरात भाकरी थापायचा आवाज थांबला होता. यशपालने उठून आतलं दार लोटलं.