एकोणीसच्या पाढ्यावर पाच किलोमीटर

तीर्थरूप बाबांना, दुरूनच पायांवर डोके ठेवून नमस्कार.

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर आपण पलंगावरून उतरायलाच तयार नाही, असे आईने कळवले. झोप तरी लागते ना? आपल्याला जरा हसू यावे म्हणून माझी एक फजिती सांगते.

इथे सकाळी गल्लीतल्या बायकांबरोबर मी दातओठ खाऊन धावत असे आणि पहिल्या वळणावरच थांबत असे. सोबतच्या बेकरीवाल्या मावशी म्हणाल्या, "अगं, परीक्षेला निघालीस का? बोलत पळ!" बोलायला काहीच सुचेना, तेव्हा मी एकोणीसचा पाढा म्हटला. सगळ्या हसल्या, मीही हसले आणि त्या हसण्यातच पाच किलोमीटर न थांबता पार पडले. आता ग्रंथालयात कामावर असताना वाचकांशीही मी मान वर करून बोलते.

बाबा, उद्या दारापर्यंत चालाच. दुखू लागले की आईशी मनसोक्त भांडा. महिनाभर ती त्याचीच वाट पाहते आहे.

आपली, बरीच बोलकी झालेली,
धाकटी