ताईच्या नावापुढचा रकाना

३ मार्च
थोरल्या लेकीने आज भर सभागृहात माझ्या ताईची अब्रू काढली. वर लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पंचवीस वर्षांच्या संशोधनाबद्दल सत्कार होता थोरलीचा. मी पहिल्या रांगेत, ठेवणीतले कपडे घालून. पडद्यावर वंशावळ आली. बायका गोल, पुरुष चौकोन, कॅन्सर झालेले काळे. एक काळा गोल वर. त्याच्याखाली दुसरा काळा, आणि शेजारी एक रिकामा, पोटात प्रश्नचिन्ह. नावे नव्हती. पण मी माझ्या आईला आणि बहिणीला ओळखणार नाही? प्रश्नचिन्ह म्हणजे मी. अडुसष्ट वर्षे जगले त्याचे हे चिन्ह!

४ मार्च
बोलले नाही तिच्याशी.

५ मार्च
ताईने शेवटी माझा हात धरून वचन घेतले होते — "छातीचं होतं हे कुणाला कळू देऊ नकोस. माझ्या मुलींची लग्नं व्हायचीत." तेव्हापासून जगाला सांगितले, पोटाचा विकार. अकरा वर्षांपूर्वी थोरली एक फॉर्म घेऊन आली, घराण्यातले आजार भरायला. असेल तिच्या अभ्यासासाठी. आईच्या नावापुढे खरे ते लिहिले. ताईच्या नावापुढच्या रकान्यात मीच सुवाच्य अक्षरात लिहिले — पोटाचा विकार. देवाची माफी मागून चार माळा जास्त ओढल्या.

मग हिला सांगितले कोणी? ताईच्या मुलाने. मेल्याच्या तोंडात तीळ भिजत नाही.

८ मार्च
थोरली आली. जुना टॉवेल रफू करत होते, मान वर केली नाही.

"आई, तुझं रक्त हवंय."

"प्यायचं काही बाकी ठेवलंयस का?"

हसली. खुर्ची ओढून बसली. म्हणाली, पेशीतला डीएनए रोज हजारो ठिकाणी फाटतो, आणि रफू करणारे आतच असतात. काही घराण्यांत त्यातला एक जन्मतःच अधू, म्हणून कॅन्सर. त्या एकाच्या मागे तिने उमेदीची वर्षे घातली.

"तुझ्यात तो दोष आहे का, बघू या. म्हणजे धाकटीला स्वतःची तपासणी करायची का, ते ठरवता येईल."

"देवाने शिवलेलं तू उसवून बघणार?"

"मी नाही. तुझी मर्जी असेल तरच. तुझ्याबद्दलचं तुला विचारल्याशिवाय मला बोलता येत नाही."

मोठी नियमवाली. नऊ वर्षांपूर्वी बाप अंथरुणाला खिळला होता तेव्हा नियम कुठे होते? फोनवर म्हणे, परदेशात परिषद आहे. अडीच महिने परिषद! हे तिची वाट बघत गेले. ते मी विसरणार नाही.

आणि धाकटीचीच काळजी, स्वतःच्या तपासणीचे नावही नाही. हिला कशाला हवे? ना नवरा, ना मूल.

११ मार्च
धाकटीचा फोन. "आई, मेलेल्या मावशीला दिलेलं वचन मोठं, की जिवंत मी?" मीच फोन ठेवला. जपात तीनदा चुकले.

१४ मार्च
रक्त देऊन आले. तिथल्या डॉक्टरांना ताईचे खरे सांगितले. मनातल्या मनात ताईची माफी मागितली. थोरलीवरचा राग तसाच आहे.

२ एप्रिल
माझ्यात दोष आहे. थोरली शेजारी बसली होती. म्हणाली, "आता तुला दाखवता येईल. आधी माझं दाखवणं म्हणजे तुझंही सांगणं झालं असतं." आणि पिशवीतून एक फाइल काढून माझ्या मांडीवर ठेवली. तिची स्वतःची.

वरचा कागद नऊ वर्षांपूर्वीचा. हाच दोष. डाव्या छातीत गाठ, शस्त्रक्रिया, अडीच महिने उपचार.

त्याखाली अकरा वर्षांपूर्वीचा फॉर्म. अक्षर माझे. तळाशी डॉक्टरांचा शेरा — घराण्यात एकच रुग्ण, हिची तपासणी करण्याची गरज नाही.