बोर्डावरचा घोडा एक की दोन

चिखली

तीर्थरूप रुक्मिणी आत्याबाई यांना डिंपलचा वाकून नमस्कार. (शिशाचा अॅप्रन घालून दिवसभर उभं राहिल्यानं पाठ धरली आहे, त्यामुळे प्रत्यक्ष भेटीत अर्धीच वाकेन; उरलेलं यात धरावं.) आम्ही सगळे बरे आहोत. तुमच्या गुडघ्याची चौकशी करत नाही, कारण मागचा एक्स-रे मीच काढला होता आणि त्यात जे दिसलं ते चौकशीनं बदलणार नाही. जिना चढू नका. मामाजींना नमस्कार सांगा. त्यांची घोडी कशी आहे ते मात्र खरंच कळवा. का, ते पुढे येईल.

हे फोनवर सांगितलं असतं, पण तुम्ही फोन स्पीकरवर ठेवता आणि मग माझ्या गोष्टी तुमच्या धाड गावच्या बाजारातून फिरून माझ्याकडेच येतात. म्हणून पत्र. (हेही मोठ्यानं वाचू नये.) तुम्ही विचारलंत, डोणगावच्या स्थळाला हो म्हणायचं की नाही, आणि पाहुणे चहा न संपवता का उठले. मी घोड्यावरून वाद घातला, असं आईनं तुम्हाला सांगितलं असणार. मी वाद घातला नाही. मला विचारलं गेलं, मी उत्तर दिलं.

मला सुरुवातीपासून संशय होता, तो तुमच्या यजमानांमुळे. मामाजी डोणगावला आपल्या घोडीसाठी ताकदीचं चूर्ण आणायला गेले आणि बरणीसोबत चूर्णवाल्या पंजाबरावांच्या मुलाचं स्थळ घेऊन आले. घोड्याचं औषध आणि नवरदेव एकाच फेरीत मिळत असतील, तर दोन्ही नीट तपासून घ्यावेत असं माझं मत होतं. बायोडाटात लिहिलं होतं, मुलगा हरिओम, मेहकरला फ्लेक्सचं दुकान, स्वभाव शांत. (शांत म्हणजे काय, ते कोणी लिहीत नाही.)

रविवारी ते आले. पंजाबरावांनी काखेत एक गुंडाळी आणली होती. मला वाटलं, साडी असेल. तो फ्लेक्सचा बोर्ड निघाला. चिवड्याच्या बशा यायच्या आधीच त्यांनी तो आमच्या खिडकीच्या पडद्याच्या दांडीला अडकवला, म्हणजे व्याह्यांना आपला धंदा काय ते कळावं. बोर्डावर दोन फोटो. डावीकडे ‘आधी’: एक तांबडा घोडा, फासळ्या वर आलेल्या, मान खाली. उजवीकडे ‘नंतर’: तांबडाच घोडा, भरलेला, तेल लावल्यासारखा चकाकणारा. खाली ‘अश्वसंजीवन चूर्ण’. दोन्ही फोटोंत दोरी धरून स्वतः पंजाबराव. त्यांच्यात काही फरक नव्हता.

मी गप्प बसणार होते. पण बाबांना माझी नोकरी नीट समजावून सांगता येत नाही, त्यामुळे ते पाहुण्यांना सांगतात की आमची डिंपल दिवसभर माणसांचे आतले फोटो काढते. यावर पंजाबराव खूश झाले. म्हणाले, मग बाहेरचे फोटो तर हातचा मळ, सांग पोरी, कसा आहे आमचा हिरा? (हिरा म्हणजे घोडा. मुलाबद्दल कोणी विचारलंच नाही.)

मी उठून जवळून पाहिलं. आम्ही जुनी आणि नवी फिल्म शेजारी लावतो, तेव्हा जाडी-बारीकपणा बघत नाही. जे बदलत नाही ते आधी बघतो. कपाळावरचा पांढरा पट्टा दोन्हीकडे सारखाच, खालच्या टोकाला डाव्या नाकपुडीकडे वळलेला. मानेवरचा भोवराही त्याच जागी. इथवर घोडा एकच. पण ‘आधी’च्या फोटोत पुढच्या डाव्या पायाच्या गुडघ्यावर केस नसलेला लांब व्रण होता, आणि ‘नंतर’च्या फोटोत गुडघा कोरा. व्रण फिका होतो, पुसला जात नाही. म्हणून मी म्हटलं की हे दोन घोडे असावेत.

खोलीत कोणी चिवडा चावेना. पंजाबराव म्हणाले, दोरी मीच धरून उभा आहे, मला माझा घोडा कळत नाही का. मग मी गुडघा दाखवला. ते वाकले, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “मंग तेही चूर्णानंच गेलं.” आणि मुलाला सांगून टाकलं की पुढच्या छपाईत ‘जुने व्रणही बरे होतात’ अशी एक ओळ टाक.

आईला प्रकरण हाताबाहेर जाताना दिसलं. तिनं नेहमीचा मार्ग काढला, की मुलांनी जरा गच्चीवर बोलून घ्यावं. मी निघताना पुन्हा एकदा बोर्ड पाहिला, आणि या वेळी घोड्यामागची भिंत पाहिली. ‘नंतर’च्या फोटोत उघड्या विटा होत्या. ‘आधी’च्या फोटोत त्याच भिंतीला गिलावा आणि निळा रंग. (भिंतीला चूर्ण चारलं नव्हतं, असं मी धरून चालले.)

गच्चीवर आईच्या मिरच्या वाळत होत्या. हरिओम त्यांच्या पलीकडे उभा राहिला, मी अलीकडे. मी विचारलं, “चूर्ण केव्हा दिलं?”

“ह्या दोन फोटोंच्या मधात,” तो म्हणाला. “उजवा पयले काढला. तुम्हाले कळलंच आहे, मंग काऊन विचारता?”

म्हणजे घोडा एकच, पण चांगला होता तो चूर्ण खाऊन वाळला. वाळला तेव्हाच लडखडत तारेच्या कुंपणात पाय अडकवून घेतला, व्रण त्याचा. मग हरिओमनं वडिलांना न सांगता चूर्ण बंद केलं. त्यानं मोबाईलवर तिसरा फोटो दाखवला. मी मोठा करून पाहिला: निळी भिंत, भरलेला हिरा, गुडघ्यावर व्रण. मी म्हटलं, डावीकडे वाळलेला आणि उजवीकडे हा लावला असता, तर मला काहीच सापडलं नसतं.

“कोणालेच सापडलं नसतं,” तो म्हणाला. “म्हणून नाही लावला. बाबाले तोंडावर नाही म्हणता येत नाही मले. म्हटलं, असा बोर्ड करू की पाहणाऱ्याले खोटं दिसन. चार वर्षं झाली, सारे फासळ्याच पाह्यतात. गुडघा तुम्हीच पाह्यला.”

आम्ही खाली आलो. पंजाबरावांनी विचारलं, मग ठरलं का, एक की दोन? मी म्हटलं, एकच घोडा आहे. सगळ्यांना बरं वाटलं. आईनं चहा ओतला. तो कपात पडत असताना मी वाक्य पूर्ण केलं, की फक्त फोटो उलटे लागलेत. सगळ्यांनी हरिओमकडे पाहिलं. त्यानं कप खाली ठेवला आणि म्हणाला, “हाव, बाबा. उलटेच हायेत.” पंजाबराव उठले ते तेव्हा. मी काही म्हटलं तेव्हा नाही, हे आईला समजावून सांगावं.

घाईत बोर्ड इथेच राहिला. आई सध्या तो मिरच्यांवर झाकते.

तर आत्याबाई, हाती आलं ते इतकं: घोडा एक, चूर्ण निकामी, होणारे सासरे रागीट, आणि मुलगा चार वर्षं गप्प बसणारा. एवढ्यावर कोणतीही विचारी मुलगी नकारच देईल. माझा विचार तुम्हाला कळला असेल.

आपली भाची
डिंपल

ता. क. मामाजींनी घोडीला चूर्ण सुरू केलं असेल तर आजच थांबवा. बरणी फेकू नका, मला बघायची आहे.

ता. क. तुमच्या नणंद सिंधूताई मेहकरला त्या दुकानाजवळच राहतात. त्यांच्याकडून हळूच काढा, की हा तिसरा फोटो त्यानं आणखी किती गच्च्यांवर दाखवला आहे. ‘गुडघा तुम्हीच पाह्यला’ हे वाक्य मला जरा जास्तच साफ वाटलं. सिंधूताईंनाही फोन करताना स्पीकर बंद ठेवावा.

ता. क. बायोडाटातल्या फोटोत हरिओमच्या डाव्या भुवईवर व्रण नाही. गच्चीवर उन्हात तो स्पष्ट दिसला. (हिराची लाथ, असं म्हणाला. मी विचारलं होतं.) म्हणजे फोटो आधीचा, माणूस नंतरचा, इथे निदान क्रम बरोबर आहे. बाकीचं एका बघण्यात ठरत नाही. त्यांना बोर्ड न्यायला कोणाला तरी पाठवावंच लागेल. कोणाला, ते तुम्ही सुचवू शकता. नकार अजून कळवला नसेल, तर तूर्त राहू द्या.