पाठ असलेला रस्ता

४ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
दादाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम आहे, असं लिहायची हाताला सवय लागली आहे, म्हणून ते आधी लिहून टाकलं. आता खरं लिहितो. फोनवर हे बोलता येत नाही. घरचा फोन बाबांच्या उशाशी असतो, आणि दुकानातून बोललं की चष्मा घ्यायला आलेली माणसं फ्रेम बघायची सोडून माझ्याकडे कान लावतात.

बाबा शुक्रवारी दुकानात आले. शाळेची बस चालवणाऱ्याला दरवर्षी नजरेचा दाखला लागतो आणि या भागात त्यावर माझी सही चालते, हे तुला माहीत आहे. मी त्यांना खुर्चीत बसवलं, एक डोळा झाकला आणि समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला सांगितली. त्यांनी वरपासून खालच्या बारीक ओळीपर्यंत घडाघडा वाचून दाखवली, कुठेही अडखळले नाहीत. मला हसू आलं, कारण तो तक्ता मी गेल्याच आठवड्यात बदलला होता. बाहेर रांगेत बसलेले ड्रायव्हर एकमेकांकडून अक्षरं पाठ करून येतात, म्हणून नवा लावला. बाबांनी वाचला तो जुना तक्ता! मी शिकत होतो तेव्हा सराव करायला स्वयंपाकघराच्या दारामागे लावलेला. तो आपल्या घरात सगळ्यांना पाठ आहे, आई तर कांदा चिरताना म्हणायची.

मला वाटलं, गंमत करताहेत. मग त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ते गंमत करत नव्हते. समोर काय आहे हे त्यांना दिसतच नव्हतं. नंतर नीट तपासलं. दोन्ही डोळ्यांचा पडदा मधोमध खराब झालाय. कडेचं दिसतं, म्हणून ते घरात कुठे धडकत नाहीत, पण ज्याच्याकडे बघावं तेच पुसलं जातं. याला चष्मा नाही. मोठ्या डॉक्टरांना विचारलं, तेही म्हणाले की औषधाने फार तर आहे तेवढं टिकेल.

बाबांनी टोपी घातली आणि जुन्या दाखल्याची मुदत महिनाअखेर संपते, नवा कधी मिळेल, एवढंच विचारलं. मी म्हणालो, मशीन बिघडलंय, पुढच्या आठवड्यात बघू. आयुष्यात पहिल्यांदा दुकानात खोटं बोललो, आणि तेही कुणाशी!

निवृत्त झाल्यावर बाबा कसे भिंतीकडे तोंड करून पडून असायचे ते तू पाहिलं आहेस. शाळेची बस मिळाली आणि ते दाढी करायला लागले. आईला मी सगळं सांगितलं तर ती म्हणाली की सही करून टाक, त्यांना तो रस्ता पाठ आहे, आणि नाही केलीस तर माणूस घरात बसून मरेल, ते तुझ्या सहीवाचून मेले असं मी धरीन. आई मला असं कधी बोलली नव्हती.

इकडे आड, तिकडे विहीर. तू कॉलेजात बरं काय नि वाईट काय हेच शिकवतेस ना? मग सांग. मला विद्वत्ता नको, उत्तर हवंय.

लोभ कर, आणि जमलं तर लवकर कर.
तुझा,
दादा


९ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र स्टाफरूममध्ये वाचलं आणि पुढच्या तासाला काय शिकवलं ते मला आठवत नाही. तरी तू विचारलंस म्हणून, माझ्या शास्त्रात काय आहे ते आधी सांगते. नाक मुरडू नकोस.

योग्य-अयोग्य ठरवायला बसलेल्या माणसांची मोठी घरं तीन. पहिल्या घरातली माणसं परिणाम बघतात: कोणत्या वागण्याने एकूण दुःख कमी होईल? त्यांच्या तराजूत एका बाजूला बाबांचं अंथरूण आहे आणि दुसऱ्या बाजूला बसभर मुलं. फार वेळ तोलत बसायला नको. दुसऱ्या घरातली माणसं परिणामाकडे बघतच नाहीत, ती विचारतात की तू जे करणार आहेस ते प्रत्येकाने केलेलं तुला चालेल का? डोळे तपासणाऱ्या प्रत्येकाने आपापल्या बापाच्या दाखल्यावर सही केली, तर तू आपलं मूल त्या बसमध्ये बसवशील? तिसरं घर म्हणतं, नियम आणि हिशेब राहू दे, चांगला मुलगा अशा वेळी काय करेल ते कर. ऐकायला हे सगळ्यात सोपं, आणि इथेच माझीही गाडी अडते. वर्गात मी नाव न सांगता हा प्रश्न घातला. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, मॅडम, सही करू नये हे कळलं, पण वडिलांना सांगायचं कसं ते कोणत्या प्रकरणात आहे? मी तिला म्हटलं, अभ्यासक्रमात नाही.

आई म्हणते तो रस्ता त्यांना पाठ आहे. दादा, तक्ताही पाठ होता. नवा लावलास तेव्हा त्यांनी जुनाच वाचला. रस्ता रोज नवा लावला जातो. काल नव्हतं ते पोर आज रस्त्यात असतं.

आता रागावशील असं लिहिते. मशीन बिघडलंय म्हणालास, ठीक. पण हा आठवडा बस कोण चालवतंय? जुन्या दाखल्याची मुदत महिनाअखेरपर्यंत आहे, म्हणजे कायद्याने ते चालवू शकतात आणि तू हात वर करू शकतोस. पण कायद्याला ठाऊक नाही ते तुला ठाऊक आहे. आणि आणखी एक. खोटं सांगून तू त्यांच्या वतीने परस्पर ठरवून टाकलंस की त्यांना खरं पेलणार नाही. ज्यांनी आपल्याला वाढवलं त्यांना निदान विचारावं तरी.

आईला माझा नमस्कार सांग. मी तिच्यावर रागावलेली नाही, तिच्या जागी मीही तेच म्हटलं असतं, हेही सांग.

लोभ आहे तो असाच, बोचला तरी असावा.
धाकटी


१६ फेब्रुवारी

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं, असं पत्र वाचल्या वाचल्या मनात आलं. पण तुझा तो एक प्रश्न, बस कोण चालवतंय, तो डोक्यातून जाईना. तर ऐक, मी काय केलं.

मी रोज सकाळी बाबांच्या बसमध्ये बसायला लागलो. दुकानाच्या बाजूलाच शाळा, चालत गेलो की गुडघा दुखतो, असं सांगितलं. पुढे त्यांच्या शेजारी उभा राहायचो आणि गप्पा मारल्यासारखं बोलायचो, की ती सायकल बघा कशी मध्येच घुसली, तो हातगाडीवाला काही हलत नाही. बाबा ब्रेक दाबायचे. एकदाही त्यांनी विचारलं नाही की आज तुला एवढं बोलायला काय झालंय. तू हसशील, पण ते दिवस मला बरे वाटले. मुलं मागे दंगा करायची, बाबा त्यांना आवाजावरून ओळखून दटावायचे, आणि मला वाटायचं, निघाला मार्ग, सापही मेला आणि काठीही तुटली नाही. तुझ्या तिन्ही घरांना मी मनातल्या मनात टुकटुक केलं.

काल एक पोरगी रडायला लागली, तिच्या डब्याचं झाकण निघून सगळं दप्तरात सांडलं होतं. मी मागे वळलो. तेवढ्यात शाळेच्या अलीकडच्या वळणावर एक बाई रस्ता ओलांडत होती. बाबांनी वेग कमी केला नाही. ती ओरडून मागे झाली आणि पडली. बस तिच्या पिशवीवरून गेली.

तिला काही झालं नाही. कोपर खरचटलं एवढंच. बाबा खाली उतरले, तिची माफी मागितली, तिला धरून कडेला बसवलं. मग परत वर येऊन मुलांना शाळेत सोडलं. माझ्या एकदम लक्षात आलं की ज्याला सगळ्यांत आधी कळलं तो मीच त्यांना रोज चाकामागे बसवत होतो.

दुकानात जाऊन मी दाखल्यावर लिहिलं की वाहन चालवण्यास अपात्र. सही केली. तो कागद खिशात आहे आणि काल संध्याकाळपासून मी त्यांच्यासमोर दोनदा जाऊन परत आलो. कुणाला काहीच झालं नाही, हे मी स्वतःला सारखं सांगतोय. आजपासून काही दिवस आजारी आहे म्हणून त्यांना शाळेला कळवायला लावलं. हे आणखी एक खोटं.

तुझी माया असू दे. मला ती सध्या नेहमीपेक्षा जास्त लागते आहे.
दादा


१९ फेब्रुवारी

ती. दादास सा. न. वि. वि.

काहीच झालं नाही ही आपली करणी नव्हे, ते नशीब. ती बाई एक पाऊल पुढे असती तरी तू तोच माणूस असतास आणि तेच केलं असतंस. मी हे दरवर्षी शिकवते आणि मुलं वहीत उतरवून घेतात.

तुला उंटावरून बोलणारी बहीण नको आहे, म्हणून एवढंच लिहिते. कागद दे. त्यांना खुर्चीत बसवून, सगळं सांगून दे. ते बोलतील ते ऐकून घे. हा निर्णय आम्हा दोघांचा आहे, धाकटीनेही हेच म्हटलं असं सांग, म्हणजे निम्मा राग माझ्या वाट्याला येईल. मुलगा म्हणून तुझी शोभा त्यातच आहे, आणि तिसऱ्या घराचं उत्तरही बहुधा हेच असावं. मला ते आत्ता तुला लिहिता लिहिता सापडलं.

परीक्षा संपली की येते. तोवर दोघांना सांभाळ, आणि तुझ्याकडे बघायला मी आहे हे विसरू नकोस.
धाकटी


२७ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
बाबांचे अ. उ. आ.

अक्षर आईचं आहे, मजकूर माझा. ती मध्येच डोळे पुसायला थांबते आहे, तिकडे लक्ष देऊ नकोस.

दादाने मला दुकानात नेलं, दार लावलं आणि कागद हातात ठेवला. तुझंही नाव घेतलं. मी त्याला नको नको ते बोललो. अस्तनीतला निखारा म्हणालो. तुला काय म्हणालो ते आई लिहायला तयार नाही. तो रडत होता पण त्याने कागद परत घेतला नाही. खरं सांगायचं तर, पोरी, मला ठाऊक होतं. तक्ता मला दिसत नाही हे मला माहीत होतं, म्हणूनच मी पाठ असलेला म्हटला. सही कर असं मुलाला तोंडाने न सांगता ती त्याच्याकडून करून घ्यायची होती. पुढे काही झालं असतं तर तपासणाऱ्याने तपासलं होतं, असं म्हणायला मी मोकळा.

घरी आलो तेव्हा धुमसत होतो. आई नेहमीसारखी बाहेरूनच बोलत आत आली. त्या दिवशी प्रथमच लक्षात आलं की ती हल्ली नेहमीच बोलत आत येते. मी तिला म्हटलं, बाहेर जा, आणि न बोलता दारात येऊन उभी राहा. ती नको म्हणत होती. मी हट्ट धरला. थोड्या वेळाने दारात कुणीतरी आलं, कडेने साडी दिसली, चेहऱ्याच्या जागी काही नाही. ती आहे की शेजारची कुणी, मला सांगता येईना. मी कोण म्हणून विचारलं. ती बोलली नाही, तिथेच खाली बसली. तिच्या रडण्यावरून मी तिला ओळखलं.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो. मोठ्या बाईंना कागद देऊन मुकाट्याने परत येता आलं असतं, दादाही तेच म्हणाला. पण ज्यांची मुलं मी नेत होतो त्यांना माझ्या तोंडून कळायला हवं होतं. शाळा सुटताना फाटकाशी आईबाप जमले होते, त्यांना सगळं सांगितलं. त्या पडलेल्या बाईचंही सांगितलं. एकीने आपल्या मुलीला मागे ओढून घेतलं. एका बापाने कधीपासून दिसत नाही म्हणून विचारलं, मी गेल्या पावसाळ्यापासून असं सांगितलं. तो मला जे बोलला ते मी ऐकून घेतलं, त्याचं बरोबर होतं.

मग दुसऱ्या कुणीतरी विचारलं की तुमचा मुलगाच डोळे तपासतो ना, त्याला हे ठाऊक नव्हतं का?

दादा माझ्या मागेच उभा होता. मी नाही म्हणालो. त्यालाही मी फसवलं, त्याला काल कळलं, असं म्हणालो. खरं सांगायलाच गेलो होतो मी तिथे, आणि मुलावर आलं तेव्हा खोटं बोलायला मला क्षणही लागला नाही. तुझ्या शास्त्रात याला काय म्हणतात ते आलीस की सांग. चूक असेल तर चूक म्हण, मी पुन्हा तेच करीन.

पण त्याने करू दिलं नाही. तो पुढे आला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला की बाबा खोटं बोलताहेत, मला डोळे तपासले त्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि तरी मी यांना थांबवलं नाही. मोठ्या बाई नंतर म्हणाल्या की त्यांना हे वर कळवावं लागेल. त्याच्या सहीचा अधिकार आता बहुधा जाईल, दुकानाचं काय होईल देव जाणे. मी त्याला रागाने विचारलं, कशाला बोललास? तर म्हणाला, बाबा, लहानपणी मारून शिकवलंत, आता कसं विसरू?

घरी येताना त्याने माझा हात धरला होता. रस्ता मला पाठ आहे, तरी मी हात सोडवून घेतला नाही.

तू ये. माझ्याकडे वेळच वेळ आहे. तुझा लोभ आम्हा सगळ्यांवर आहेच, या खेपेला माझ्या वाटणीचाही दादाला दे.

तुझे,
बाबा