बाजूच्या खोलीतला मामा

बाबा,

तुम्हाला जाऊन चोवीस वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत तुम्हाला मुद्दाम काही सांगावं असं मला कधी वाटलं नाही. राग होता. पण तो जुन्या कपाटासारखा घरात पडून होता, आहे तिथे आहे, अंगावर येत नव्हता. आज लिहायला बसलेय कारण गेल्या रविवारी मी एक गोष्ट केली, आणि ती ऐकून दचकणार नाही असा माणूस मला तुमच्याशिवाय दुसरा आठवला नाही.

लेकीचं लग्न ठरतंय. तुम्ही दोन वर्षांची पाहिलेली पोर आता सव्वीस वर्षांची आहे. मुलगा तिच्याच ऑफिसातला, त्यांचं त्यांनीच जमवलंय, मोठ्यांनी एकदा बसून चहा प्यायचा तेवढा बाकी होता. तर ते लोक गिरगावात आमच्या खोलीवर आले. दादरचे आहेत, शिकलेले, सावकाश आणि शुद्ध बोलणारे. पोहे आवडीने खाल्ले. मग मुलाचे वडील जरा अवघडून म्हणाले, "राग मानू नका, हल्ली विचारून घेतलेलं बरं असतं. घरात सगळं नॉर्मल ना? म्हणजे कुणाला काही तसं...?" मी म्हटलं, "छे हो, अगदी नॉर्मल." आणि तेवढ्यात दादा आला. दूध कमी पडलं म्हणून मीच त्याला खाली पाठवलं होतं. दोन्ही हातांनी पिशवी छातीशी धरून दारात उभा, नजर भिंतीवर. मुलाच्या आईने हसून विचारलं, "हे कोण?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आमचे शेजारी. बाजूच्या खोलीत असतात."

ह्यांनी पंख्याकडे बघितलं. लेकीने ट्रेमधले कप उगाच सरळ केले. दादाने पिशवी ओट्यावर ठेवली, "येतो मी," म्हणाला आणि गेला. मला काय वाटलं विचाराल, तर काही नाही. अगदी काही नाही. मी दूध तापवायला ठेवलं.

तुम्हाला दादा आठवतो तो तेहेतीस वर्षांचा. आता सत्तावन्न पूर्ण झाली. आई गेल्यापासून माझ्याकडेच असतो. हिंदमाताला साड्यांच्या दुकानात त्याला तुम्हीच चिकटवलं होतंत, अजून तिथेच आहे. बायका पन्नास साड्या उलगडून एक घेऊन जातात, उरलेल्यांच्या घड्या तो घालतो, आणि त्याची घडी ओळखू येते म्हणे. गिऱ्हाइकाशी बोलत नाही. कुकरची शिट्टी झाली की गॅलरीत जाऊन उभा राहतो. मे महिन्यातसुद्धा लांब बाह्यांचा शर्ट. सांगितलेलं शब्दाला शब्द धरून करतो. बस्स, एवढंच. ह्याला काय नाव आहे ते आपण कधी विचारलंच नाही, 'जरा साधा आहे' म्हणून चालवून नेलं. आमच्या वरच्या मजल्यावर एक गृहस्थ आहेत, अकरा वर्षं बायकोशी बोललेले नाहीत, मीठ हवं असलं तर भिंतीला सांगतात. ते नॉर्मल, कारण सकाळी इस्त्रीचे कपडे घालून कामावर जातात. मी गॅस बंद केला का बघायला जिन्यावरून तीनदा परत येते. मला काटेकोर म्हणतात. कोण ठरवतं हो हे?

तुम्हीच मला सांगितलं होतंत कोण ठरवतं ते. मी चौदा वर्षांची आहे, लालबागच्या खोलीत आपण जेवायला बसलोय, आई भाकरी टाकतेय. तुमच्या परळच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नवं मशीन आलंय. रिपोर्टवर आकड्याशेजारी 'नॉर्मल' म्हणून जे छापतात ते तुम्हाला नव्याने ठरवायचंय, आणि त्यासाठी धडधाकट माणसांचं रक्त हवंय. तुम्ही ताटाशेजारी बोटाने रेघ ओढून दाखवता. शंभर चांगली माणसं घ्यायची, दोन्ही टोकांची मिळून पाच सोडून द्यायची, मधल्यांना नॉर्मल म्हणायचं. मी विचारते, "पण ती पाचही चांगलीच होती ना?" तुम्ही म्हणता, "होती की. पण रेघ कुठेतरी मारायला लागते, बाय." "मग त्या पाच जणांनी काय करायचं?" "काय करणार? पुन्हा तपासून घ्यायचं." तुम्ही हसलात, आईही हसली. मलाही गंमत वाटली होती.

त्या आठवड्यात तुम्ही निम्मी चाळ उपाशीपोटी चालवत परळला नेलीत, रक्त दिल्यावर कॅन्टीनचा चहा आणि बटाटवडा. दादा एकोणीसचा. सगळ्यांत शहाण्यासारखा तोच बसला, सुई टोचली तरी हललासुद्धा नाही. मी शेजारी कापूस धरून उभी. तो उठून बाकावर जाऊन बसला, तेवढ्यात तुमच्या मोठ्या मॅडम आल्या, त्याच्याकडे जरा वेळ बघत राहिल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "हा मुलगा नॉर्मल आहे ना?" त्यांनी काही वाईट विचारलं नव्हतं. तुम्ही क्षणभर थांबलात. मग म्हणालात, "नाही मॅडम, राहू दे," आणि त्याची नळी टाकाऊ नळ्यांच्या डब्यात सोडलीत. यादीतलं त्याचं नाव खोडलंत. दादा तेव्हा वडा खात होता. परत येताना मी विचारलं, "रक्त तर चांगलंच असेल ना त्याचं?" तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "रक्ताचं कोण विचारतंय? आणि घरी बोलायचं नाही." नाही बोलले. दादा वर्षानुवर्षं चाळीत सांगत फिरला की माझं रक्त मशीनमध्ये आहे, आणि आपण दोघं ऐकून घेत राहिलो. मी मनात म्हणायचे, हा कसला बाप. तुमच्या तेराव्यालासुद्धा माझ्या डोळ्यांपुढे तो डबाच होता, हे आज सांगून टाकते.

तर रविवारी. पाहुणे गेले, मी कप विसळत होते, आणि बाजूच्या काकूंनी हाक मारली. मालवणच्या आहेत, इतकी वर्षं इथे काढून भाषा तश्शी. "अगो, ह्यो टॉवेल घेऊन माझ्याकडे इलोहा. काय झाला काय?" मी जाऊन बघते तर दादा त्यांच्या खुर्चीत ताठ बसलेला. मांडीवर टॉवेल, त्यावर दात घासायचा ब्रश आणि त्याची स्टीलची वाटी. मला म्हणाला, "आजपासून इथे ना?" रागाने नाही हो. रुसूनही नाही. मी सांगितलं म्हणून. मी म्हटलं, "चल घरी, वेड्यासारखं करू नकोस." शब्द निघून गेल्यावर कळलं काय बोलले ते. काकू आत निघून गेल्या.

लेकीला वाटलं मला समजवावं. म्हणाली, "बरं झालं आई, आत्ताच कशाला. नंतर सांगू आपण." पोर घाबरलीय, तिला दोष देत नाही. पण बाबा, ती जन्मली तेव्हापासून दादा एकच गोष्ट धरून बसलाय. मुलीला बोहल्यावर मामा आणतो, अंतरपाट धरला की मामा तिच्या मागे उभा राहतो. मीच सांगितलं होतं त्याला, पाळण्याशी. दर लग्नात तो फक्त मामाकडे बघतो, पाय कुठे ठेवतो, हात कुठे धरतो. जेवायलाही थांबत नाही, घरी येऊन करून दाखवतो. तिला एकुलता एक मामा आहे आणि मी त्याला शेजारी करून ठेवलाय. माहीमचा चुलतभाऊ उभा राहील, मी विचारूनही ठेवलंय. लोकांना चालतं. दादाला काय सांगायचं ते मला सुचत नाही, आणि रडूही येत नाही. चार दिवस झाले, मी कामाला जाते, भाजी आणते, सगळं रोजच्यासारखं.

तुम्ही त्या दिवशी क्षणभर थांबला होतात. ते आठवून इतकी वर्षं तुम्हाला जरा तरी माफ करता येत होतं. मी तेवढीसुद्धा थांबले नाही. तुमच्या जागी बसल्याशिवाय कळलं नाही की हे करायला दुष्ट असावं लागत नाही, नुसती घाई पुरते.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीये. घरात कुणी वाचू नये म्हणून फाडीनही. एकच राहिलं. आज दुपारी मुलाच्या आईचा फोन होता. मामाचा मानाचा पोशाख त्यांच्याकडून, झब्बा शिवायला टाकतायत, माप हवं होतं. चुलतभाऊ बुटका आहे आणि सुटलेला. मी छाती, उंची, बाही सगळं दादाचं सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं आणि विचारलं, "नाव काय मामांचं?" मी म्हटलं, कुकर लावलाय, मागून सांगते. कुकर लावलेला नव्हता.